मिस्त्रीचं भोक

ब्याण्णवच्या हिवाळ्यात लखनौला आईच्या खोलीत मी लाकडं जाळायची फायरप्लेस बांधून घेतली. आगीला बाहेरची हवा हवी, म्हणून मिस्त्रीने भिंतीत विटेएवढं भोक ठेवलं. आई गारठू नये म्हणून मी शहाण्याने त्यात लोकरी मोजे कोंबले!

दुसऱ्या दिवशी तो न बोलावताच आला. आई आगीपुढे पेंगत होती.

"ऊब लागलीय," मी ऐटीत म्हणालो.

त्याने भोकापुढे तळहात धरला आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने मोजे उपसले, आईला हलवून जागं केलं, दार सताड उघडलं. मग मोज्यांची घडी घालून अदबीने माझ्या हाती दिली.

"हुज़ूर, अम्माजी रज़ाई तो ओढ़ लेंगी. साँस कहाँ से लेंगी?"

त्यानंतर हिवाळाभर मी येताजाता भोकापुढे हात धरायचो. बोटं गारठली की जिवात जीव यायचा.