पिवळी गल्ली आणि आमचे जावई

आमच्या जावयांचं काम म्हणजे धोके मोजणं. शहराच्या पाणीखात्यात ते धोका अधिकारी आहेत. मुलीनं लग्नाचं काढलं तेव्हा मी विचारलं, "अगं, पण करतो काय हा?" तर म्हणाली, "प्यायच्या पाण्याला काय काय होऊ शकतं, याचा विचार करतो." म्हटलं, अगं बाई, विचार करायचाही पगार मिळतो होय!

माणूस लाख मोलाचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कामाची सवय अंगात मुरलेली. पहिल्यांदा घरी आले तेव्हा जिन्याकडे बघून म्हणाले, "आई, पडायची शक्यता तीन, परिणाम चार. तीन चोक बारा. जिना पिवळा." मला वाटलं, आता कठडा लावून देतील. कुठलं काय! पुढच्या खेपेला आले, जिना निरखून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "अजून पिवळाच आहे."

त्यांच्या खात्यात सगळं असंच चालतं. प्रत्येक धोक्याला एक रंग. हिरवा असला की विसरून जायचं. लाल झाला की आठवड्याच्या आत खोदून दुरुस्ती करायची, वर मोठ्या साहेबांपुढे उभं राहून उत्तरं द्यायची. मधल्या पिवळ्यावर मात्र नुसतं लक्ष ठेवायचं. आता तुम्हीच सांगा, नोकरी सांभाळणारा माणूस कुठला रंग निवडेल? अर्धं शहर पिवळं करून ठेवलंय मेल्यांनी.

आमची गल्लीही त्यातलीच. गटार आणि नळाची लाइन एकाच चरातून गेलेली, दोन्ही जुनाट. एकदा चहा पिताना जावयांनीच मला मोठ्या कौतुकानं समजावलं, "आई, पाणी चालू असतं तोवर जोर आतून बाहेर असतो. बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि फटीतून शेजारचं आत ओढून घेतो."

"शेजारचं म्हणजे गटारातलं?"

"शक्यता आहे."

"मग तुम्ही करता काय?"

"लक्ष ठेवतो. अगदी डोळ्यांत तेल घालून."

मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. त्यांनी आपला संपवला, कारण पाणी उकळलेलं होतं.

मुलगी आणि जावई दोघंही नोकरीवर, म्हणून माझी नात ठकू शाळा सुटल्यावर माझ्याकडे असते. तिच्या दप्तरात घरून दिलेली पाण्याची ही मोठी बाटली. आजीकडचं पाणी प्यायचं नाही, अशी बापाची सक्त ताकीद. म्हणजे बघा हं! तेच पाणी आजी प्यायली तर पिवळं आणि नात प्यायली तर लाल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावरच म्हटलं, "जावईबापू, सगळ्या गल्लीला एकेक बाटली द्या की!" ते हसले. त्यांना वाटलं, सासूबाई आज खुशीत आहेत.

पण पोर ते पोरच. खेळून दमली, बाटली संपलेली, म्हणून समोरच्या शिंपीणबाईंच्या दारातल्या नळाला तोंड लावलं. दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले. दवाखान्यात सलाईन लावायला नर्सला शीर सापडेना. माझा जीव इतका घाबरला की रडूसुद्धा फुटेना. जावई पांढरेफटक पडले होते. तिथूनच त्यांनी ऑफिसला फोन लावला, "सासूबाईंची गल्ली लाल करा. आत्ताच्या आत्ता."

पलीकडचा सहायक त्यांच्याच तालमीत तयार झालेला. मला सगळं ऐकू येत होतं. "करतो साहेब. पण काय बदललं म्हणून दाखवू? शक्यता की परिणाम?"

मी फोन हिसकावून घेतला. "साहेबांची सासू खवळली म्हणून दाखव! आणि उद्या माणसं आली नाहीत ना, तर मीच कुदळ घेऊन तुझ्या टेबलापाशी येते."

ठकू सावरली. गल्ली खणली गेली, गटारापासून लांब नवा पाइप पडला. वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं. जावई रजा टाकून कामावर उभे होते. कोणी खुर्ची आणली, कोणी चहा. "साहेब होते म्हणून झालं हो," असं जो तो म्हणत होता आणि ते संकोचानं का होईना, ऐकून घेत होते. माझीही मान जरा ताठ झाली, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात शिंपीणबाई पुढे आल्या. "साहेब, मागे माझा धाकटा असाच दवाखान्यात होता. मी तुमच्या ऑफिसात येऊन सांगून गेले होते. आठवतं ना?"

"आठवतं ताई," जावई म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, एवढं मात्र खरं. "तेव्हा शक्यता एकानं वाढवलीसुद्धा होती मी. पण एका मुलामुळे रंग बदलत नाही."

"ठकूही एकच आहे," शिंपीणबाई म्हणाल्या.

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी त्यांची बाजू सावरायला मीच पहिली धावते. त्या दिवशी मी त्यांना सोडवायला गेले नाही.