मंगलचा डबा आणि माझी ओली चादर

तापलेल्या संगणकासमोरचा पंखा बंद करून त्याच पंख्यावर ओली चादर पसरणारी बाई अख्ख्या वडगावात आजवर एकच झाली. ती मी. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे साठीतली. अक्कल यायला अजून वेळ होता.

आमची सून मंगल संगणकावर साड्यांची डिझाइनं काढते. नवा दमदार संगणक घ्यायचा तर माग विकावा लागला असता! म्हणून तिनं कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेल्या सर्व्हरचा जुना प्रोसेसर आणला, संगणकाच्या रिकाम्या डब्यात बसवला आणि त्याचा वेग ठरल्यापेक्षा वाढवला. (याला ओव्हरक्लॉक म्हणतात. हा शब्द मी त्याच आठवड्यात भिशीत वापरून टाकला.) मला तिनं मागावरून समजावलं. मागाचा वेग वाढवला की मोटार जास्त करंट ओढते आणि तापते, तसंच हे. व्होल्टेज थोडं थोडं चढवायचं आणि उष्णतेवर डोळा ठेवायचा. म्हणून डब्याची एक बाजू उघडी आणि समोर स्टँडचा पंखा. मी मान डोलवली. मान डोलवणं मला पहिल्यापासून छान जमतं.

त्या दिवशी संध्याकाळी निपाणीचे व्यापारी येणार होते. मंगलनं स्वतः काढलेली ती पहिलीच साडी. ती नेसलेली बाई पडद्यावर गोल फिरताना त्यांना दाखवायची होती. पसंत पडली तर लग्नसराईची ऑर्डर आपली, नाहीतर ते पुढच्या गल्लीत जाणार. डबा सकाळपासून ते चित्र बनवत होता. मधेच मंगलला लेकीच्या शाळेत जावं लागलं. जाताना म्हणाली, "आत्ती, हितं कोपऱ्यात आकडा हाय बघा. ऐंशीच्या वर गेला की लगेच फोन करा."

माझं सगळं लक्ष फोडणीत. "व्हय, व्हय," म्हटलं.

ती गेली आणि मागावरनं आमचे हे, मंगल ज्यांना मामा म्हणते ते, करवादले. पंख्याच्या वाऱ्यानं सूत सुकतंय, सारखं तुटतंय. आता विणकराच्या घरात जन्म गेलेली बाई मी. वारा म्हणजे सुताचा वैरी, हवा कशी दमट पाहिजे, हे मला कुणी सांगायला नको. पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. मग वाटलं, डबापण बिचारा साडीच करतोय की, त्यालाही दमट हवा मानवेल! चादर भिजवली, पिळली (म्हणजे पिळल्यासारखी केली) आणि टांगायला दुसरं काही दिसेना म्हणून पंख्यावरच पसरली.

काय गुण आला म्हणता! आकडा भराभरा चढायला लागला. एकोणऐंशी, पंच्याऐंशी, ब्याण्णव. मी समजले, तेवढं काम झालं. शंभर भरले की देवापुढं साखर ठेवायची. फोन करायचा होता खरा, पण अर्धवट बातमी कशाला द्या?

सत्त्याण्णवला पडदा काळा झाला. मी ऐटीत फोन लावला. "मंगल, उरकलं बघ. तीन राखून."

पलीकडनं तिनं रिक्षाला हाक मारल्याचंच ऐकू आलं.

ती आली. डब्याला हात लावून झटक्यात मागं घेतला. मग टपटप गळणाऱ्या पंख्याकडं पाहिलं. चादर ओढून काढली. नशीब, फार तापल्यावर डबा आपला आपणच बंद झाला होता. त्या दिवशी घरात शहाणं असं तेवढंच एक. झालेलं कामही शाबूत होतं. तिनं व्होल्टेज उतरवलं, वेग जरा कमी केला आणि डबा पुन्हा चालू केला. पण भिजलेला पंखा कसा लावणार? तिनं माझ्या हातात सूप दिलं.

दिवेलागणीपर्यंत मी डब्याला सुपानं वारा घालत बसले. आकडा हलला की माझा हात जोरात. व्यापारी आले, दारातच थबकले आणि त्यांनी हळूच विचारलं, "देव बसवलाय काय ओ?" उत्तराची वाट न बघता त्यांनी डब्याला हात जोडले.

मी सूप थांबवलं नाही. शेवटी पडद्यावरची बाई गोल फिरली. त्यांनी पदर दोनदा बघितला आणि ते ऑर्डर देऊन गेले.

माझे खांदे पार निकामी झालेले, पण तोंड शाबूत होतं. म्हटलं, "बघ मंगल, मी होते म्हणून झालं."

चादरीची घडी घालत ती म्हणाली, "व्हय आत्ती. डब्याचा वेग कुठनं कमी करायचा ते मला सापडलं. तुमचा कुठनं करायचा ते मामांनाबी अजून सापडलेलं न्हाय."