पुरोहिताच्या रकान्यात आत्तीचं नाव

कराडला हायवेवर मुंबईच्या बसची वाट बघत आम्ही उभे होतो. अण्णांचा हात माझ्या बॅगेवर होता. पासपोर्ट नीट ठेवलास ना, हे आई चौथ्यांदा विचारत होती. अण्णांची बहीण, माझी सुलूआत्ती, जरा लांब उभी होती. माझं लग्न तिनं लावलं होतं. माझ्या पर्समध्ये मात्र नोंदणीच्या अर्जाची नक्कल होती आणि तिच्यावर लिहिलं होतं की ते लग्न दुसऱ्याच कुणी लावलं. बस आली. "पोचलीस की फोन कर," आत्ती म्हणाली. मी तिच्याकडे न बघता चढले.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. माझ्यासारखे गाव सोडून आलेले इथं जर्मनीत भेटले की आठवणी गोड करून सांगतात. मला तसं जमत नाही. मी निघाले तीच रागात, आणि तो राग अजून गेलेला नाही.

लष्करातला नवरा गेल्यावर आत्ती तरुणपणीच माहेरी परतली आणि अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झाली. आमच्याकडे पणजोबांपासून भटजीशिवाय, सत्यशोधकी पद्धतीनं लग्नं लागतात. घरातलं जाणतं माणूस मराठीत मंगलाष्टका म्हणतं, नवरानवरी सगळ्यांसमोर शपथ घेतात. आत्तीला ते सगळं पाठ. आवाजही असा की माईक नको. माझ्या लग्नाच्या वेळी भावकीत कुजबुज झाली, विधवा बाई अक्षता टाकायला लावणार का म्हणून. अण्णांनी एका वाक्यात विषय संपवला, "माज्या लेकीचं लगीन सुलीच लावंल."

निलेश, माझा नवरा, कुपवाडचा. तिथल्याच एका वर्कशॉपमधून त्यानं सुरुवात केली आणि जर्मनीत नोकरी मिळवली. त्याच्या घरच्यांना सांगलीत कार्यालय हवं होतं, पण निलेश म्हणाला, मळ्यातच करू. चिंचेखाली मांडव घातला. आत्तीनं शपथ दिली तेव्हा निलेशचे वडील, जे आधी तोंड फुगवून बसले होते, तेही उठून उभे राहिले. पंधरा दिवसांनी तो जर्मनीला गेला. माझ्या व्हिसासाठी लग्नाची नोंदणी पाहिजे होती; अर्जावर तो सही करून गेला होता.

नोंदणीच्या ऑफिसातल्या क्लार्कनं अर्ज बघितला आणि पुरोहिताच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे कोण, सुलोचना?"

"मी," आत्ती म्हणाली.

त्यानं तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं. "मावशी, इथं भटजीची सही लागते. आणि लग्न कुठल्या कार्यालयात झालं?"

"मळ्यात. आमच्या."

"मग आम्ही खरं कसं धरायचं?"

"आवं सायेब, गावच्या पाचशे मान्सांनी बघितलंय. फोटू हायत. लगीन मी लावलंय, मग सही दुसऱ्याची कशी घ्याची?"

त्यानं कागद परत सरकवले. त्यानंतर आम्ही आणखी दोनदा गेलो. कायदा मी घरी वाचून काढला होता. वधूवरांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की लग्न झालं. भटजीच पाहिजे, पुरुषच पाहिजे, कार्यालयच पाहिजे, असं त्यात कुठंही नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मला कायदा शिकवू नका. बाहेर टाइपिंगवाल्याला विचारा, तो सोय करतो."

आणि सोय होती! खरं बोललं तर काम अडत होतं, खोट्यासाठी ऑफिसच्या दारातच टेबल मांडलेलं होतं. मी निलेशला फोन केला. "कागदच आहे गं," तो म्हणाला. "सही घे आणि ये."

मी आत्तीला कसं सांगणार होते? तिनंच विचारलं, "तुला जायाचं हाय न्हवं? मग घे त्याची सही."

टाइपिंगवाल्यानं बोलावलेले गुरुजी स्कूटरवरून आले. सही करण्याआधी त्यांनी मला विचारलं, "मुलीचं नाव काय?" माझं लग्न लावलेला माणूस मला माझं नाव विचारत होता. साक्षीदार एक कमी पडत होता, तेव्हा क्लार्क आत्तीकडे बघून म्हणाला, "मावशी आहेतच की." तिनं चष्मा लावला आणि साक्षीदार क्रमांक तीन म्हणून सावकाश सही केली. अक्षर अंगणवाडीच्या फळ्यावरचं, वळणदार.

इथं दरवेळी टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, घेऊन राहण्याचा परवाना वाढवायला गेले की ती फाईल उघडते. समोरची बाई नम्रपणे पानं उलटते. तिला त्या गुरुजींच्या नावाशी घेणंदेणं नाही. माझी मात्र आग होते. आधी ती क्लार्कसाठी होती. मग निलेशवर आली, आम्ही दोन दिवस बोललो नाही. खरं तर ती माझ्यावरच होती.

गेल्या महिन्यात आत्तीचा फोन आला, आवाजात हसू. शेजारच्या अश्विनीचं लग्न तिनंच लावलं, शाळेच्या पटांगणात. तेच ऑफिस, तोच क्लार्क. अश्विनी म्हणाली, नाही म्हणताय तर लेखी द्या. आणि तिथंच बसून राहिली. लेखी कोण देणार? दुपारनंतर मोठे साहेब आले, अर्ज वाचला, म्हणाले, यात अडचण काय आहे? आणि पुरोहिताच्या रकान्यात आत्तीची सही झाली.

"लय खमकी पोरगी," आत्ती म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता. मी रडायलाच लागले. "आत्ती, मी का नाही गं बसून राहिले?"

ती जराही थांबली नाही. "तुला जायाची घाई हुती. तिला हितंच ऱ्हायाचं हाय."

तिनं ते रागानं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. सुट्टीला गेले की गावात मला खुर्ची देतात, चहा आधी मला देतात. मला वाटायचं हे प्रेम आहे. प्रेम आहेच, पण पाहुणीला देतात तसं.

डिसेंबरात मी गावी जाणार आहे, अर्जातली नोंद खोटी आहे हे त्याच ऑफिसात माझ्या सहीनं लिहून द्यायला. निलेश म्हणतो, व्हिसाची भानगड होईल, वकिलाला विचार. विचारलं. तोही म्हणाला, होऊ शकते. तरी मी तिकीट काढलं, आणि चार दिवसांनी निलेशनंही काढलं. यावेळी खुर्ची नको म्हणून आईला सांगून ठेवलंय. मी चहा प्यायला येत नाहीये. मी माझ्या घरी भांडायला येतेय.