लाखेच्या बांगडीची तपासणी

तळोद्याजवळच्या आमच्या शाळेत चुडामण मास्तर सहा वर्षं हंगामी होते. पोपटपंचीचा त्यांना भारी तिटकारा. "मी सांगतो म्हणून मानू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा," असं ते इतक्यांदा सांगत, की आम्हाला ते तोंडपाठ झालं होतं.

एका पौषात त्यांनी आपल्या बायकोची, रेवाबाईंची, लाखेची बांगडी घोंगडीवर घासली आणि कागदाच्या कपट्यांवर धरली. कपटे टुणकन उडून बांगडीला चिकटले. ही घासण्यातून निघालेली वीज, मास्तर म्हणाले. मग आठवडाभर गावात एकीचीही बांगडी जागेवर राहिली नाही आणि आम्ही धम्मकलाडू खाल्ले.

हा प्रयोग बघून शाळा तपासायला येणारे डिप्टीसाहेब आपल्याला कायम करतील, अशी मास्तरांची खात्री. पण साहेबांची फेरी लांबत लांबत श्रावणात आली. ओल्या हवेत ही वीज टिकत नाही, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. रेवाबाईंनी देव पाण्यात ठेवले. त्याऐवजी घोंगडी चुलीपाशी ठेवली असती तर उपयोग झाला असता.

मास्तरांनी घासून घासून बांगडी तापवली. कपटे रुसलेल्या जावयासारखे बसून. साहेब धुरकटलेला चष्मा पुसत होते. त्यांनी वर्गालाच विचारलं, "कागद उठला का रे?"

मास्तरांचा चेहरा आम्हाला बघवेना. "उठना, साहेब," कागद उठला असं आम्ही बत्तीस जणांनी आमच्या बोलीत एका सुरात सांगितलं. त्यात मीही होतो.

"नही उठना," सुपडूची कालीबाई म्हणाली. शाळेतली ती एकटी मुलगी. तिच्या बापाची मनधरणी करून मास्तरांनीच तिला शाळेत आणलं होतं.

साहेबांनी चष्मा लावून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बांगडी घोंगडीत गुंडाळू लागले. साहेबांनी शेरा लिहिला आणि वाचून दाखवला: वर्ग तयार, शिक्षक कायम करण्याजोगा, मुलगी मंद, तिला त्याच इयत्तेत ठेवावं.

मास्तरांना मी वाईट म्हणणार नाही. घरात सहा तोंडं होती, आणि खोटं आधी आम्ही बोललो होतो. पण राग अजून येतो, कुणाचा ते नीट सांगता येत नाही.

साहेबांची बैलगाडी गेल्यावर कालीबाई मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, कागद उठना ते तुमले दिसना का?"

मास्तर खाली वाकून कपटे गोळा करत होते. "दिसला," ते म्हणाले.

"मंग मन्हंच चुकनं व्हई," ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.