लहानू रामटेक्यांना हवी असलेली थंडी

लहानू रामटेके रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाले तेव्हा सोबतचे लोक त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार होते. लहानूंनीच सांगितलं, "घड्याळ नको. तापमान मोजायचं यंत्र द्या, दिवसाचं जास्तीत जास्त अन् कमीत कमी दोन्ही दाखवणारं." रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या घराच्या गच्चीवर त्यांनी झडपांची लाकडी पेटी उभी केली, तिला पांढरा रंग दिला आणि यंत्र आत टांगलं. गल्लीला आधी वाटलं, कबुतरांची सोय केली. खरं कळल्यावर येणारे-जाणारे विचारू लागले, "भैया, आज कितना?"

उन्हाळा तर रायपूरला भरभरून मिळतो. लहानूंचा जीव थंडीत होता. नागपूर, गोंदिया, बिलासपूरच्या हौशी लोकांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. हिवाळ्यात गोंदियावाले तिथे ऐटीत आपले आकडे टाकायचे आणि रायपूरचा आकडा आला की कुणीतरी लिहायचं, "रामटेकेजी, पंखा बंद केला का?" लहानू हसायचे, पण त्यांना ते लागायचं.

त्या जानेवारीत आठवडाभर आभाळ दाटलेलं होतं, थंडी म्हणावी तशी नव्हतीच. मग एका दुपारी ढग हटले आणि उत्तरेचं कोरडं वारं सुटलं. लहानू गच्चीवरून खाली आले ते लग्नघरातल्यासारखे लगबगीनं.

"माया, पाहजो तू. उद्या सकाळी अशी थंडी पडते की नाव नको."

"पडू द्या," बायको म्हणाली. "तुम्ही आधी कानाले बांधा."

संध्याकाळी सरलाबाईंचा फोन आला. सरला ही लहानूंची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्यांना वाढवलं. आता ती तेलीबांध्याला मुलाजवळ, प्रशिकजवळ राहायची. प्रशिक आणि सून मोनाली लग्नासाठी गोंदियाला गेले होते. गुडघ्यांपायी ती मागे राहिली होती.

"लहानू, खिडकीचा पल्ला आपटला अन् काच फुटली रे. पुरं वारं अंदर येऊन राहिलं. येतं का जरा? एखादा पुठ्ठा ठोकून दे."

"आता, बाई? सकाळी येतो ना. दुसऱ्या खोलीत झोप आजच्या दिवस."

"तिथं पलंग नाही. खाली झोपलं की मले उठता येत नाही, तुले माहीत आहे."

"मंग खिडकीले चादर बांध. रजई घे अंगावर. सकाळी येतोच."

ती म्हणाली, "हव. ये मंग."

तेलीबांधा काही लांब नाही, स्कूटर काढली असती तर चहा निवायच्या आत पोचले असते. पण ग्रुपवर धुमाकूळ चालला होता. पारा उतरत होता, जो तो आपला आकडा टाकत होता. शिवाय लहानूंना ठाऊक होतं, एकदा गेलं की बाई जेवू घालणार, राहूनच जा म्हणणार. मग पहाटेचा आकडा कोण बघणार?

उजाडायच्या आधी ते टॉर्च घेऊन वर गेले. पेटीचं दार उघडलं. काटा सहाच्या घरात बसला होता. रायपुरात, त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर! त्यांनी मायाला हाका मारून वर बोलावलं, फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला. गोंदियावाल्यांनी हात जोडले. लहानू चौकातल्या चहाच्या टपरीवर गेले. शेकोटीभोवती लोक अंग चोरून बसले होते. त्यांनाही लहानूंनी आकडा सांगितला, आणि जणू थंडी त्यांनीच मागवून आणली अशा थाटात दोनदा चहा पाजला. चांगलं ऊन वर आलं तरी गप्पा संपल्या नव्हत्या.

तेवढ्यात मोनालीचा फोन आला. "मामाजी, आप मम्मी के पास गए हैं क्या? सुबह से फोन नहीं उठा रही हैं."

लहानू तसेच तेलीबांध्याला धावले. शेजारणीजवळ दुसरी चावी होती. दार उघडलं तेव्हा सरलाबाई खिडकीखाली जमिनीवर पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, हातपाय बर्फासारखे. डोळे मात्र उघडे होते. खिडकीला चादरीचं एकच टोक बांधलेलं होतं. दुसरं वाऱ्यावर उडत होतं.

दवाखान्यात सांगितलं, लकवा आहे. बीपी होतंच, थंडीत ते वाढतं, पण एरवीही झालं असतं, सांगता येत नाही. प्रशिक दुपारपर्यंत धावत आला. लहानूंनी त्याला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, "बाईनं काल मले बोलावलं होतं. मी गेलो नाही."

"मामा, आप क्यों परेशान हो रहे हो? हम ही तो उनको अकेला छोड़ के गए," प्रशिक म्हणाला आणि औषधं आणायला खाली गेला. लहानूंना भाच्याचा राग चालला असता, ही समजूत मात्र सोसवेना.

थंडी आणखी दोन-तीन दिवस टिकली. ग्रुपवर लोक विचारत राहिले, आजचा आकडा काय? लहानू गच्चीवर चढले नाहीत. ते तेलीबांध्याला गेले, मापाची काच आणली आणि रिकाम्या घरात एकट्यानं बसवली. तासाभराचंही काम नव्हतं. काम झाल्यावर ते तिथंच पलंगाच्या काठावर बराच वेळ बसून राहिले.

सरलाबाई वाचल्या. फेब्रुवारी सरता सरता घरी आल्या, अडखळत का होईना, बोलू लागल्या. एका दुपारी घरात दुसरं कुणी नाही असं बघून लहानू त्यांच्या पायाशी बसले.

"बाई, त्या दिवशी तू फोन केला. ये म्हणाली. मी आलो नाही."

त्यांनी लहानूंकडे नीट निरखून पाहिलं. "मी? कधी... केला फोन?"

"संध्याकाळी. काच फुटली म्हणून."

त्यांनी मान हलवली. "नाही रे. मी काहून... तुले त्रास देईन?"

लहानपणी शाळा बुडवली तर हीच बाई त्यांना भर रस्त्यात कान धरून रागवायची. आज तिनं तसं एकदा रागवावं म्हणून लहानू थांबले होते. तिनं चांगल्या हातानं त्यांच्या शर्टाचं उघडं बटण लावायचा प्रयत्न केला. ते काही लागलं नाही, आणि लहानूंनीही तिला थांबवलं नाही.