आत्याचे भाडेकरू

आत्या उकळत्या पातेल्यात डाव फिरवत होती, तेवढ्यात मेसच्या मागच्या दारातून आरोग्य खात्याची दोन माणसं आत शिरली. एकाच्या हातात थर्माकोलची पेटी, दुसऱ्याच्या तोंडाला मास्क.

"मुख्य स्वयंपाकीण कोण?" मास्कवाल्याने विचारलं.

"मी," आत्या म्हणाली. डाव काही थांबवला नाही. खाली लागलं असतं.

होस्टेलची मॅनेजरीण मागून धापा टाकत आली. "बसा ना साहेब, चहा सांगू?"

"नको नको!" दोघं एका सुरात ओरडले. भांडीवाली कोपऱ्यात काकड्या कापत बसली होती, हल्ली सगळी कापाकापी माझ्याच गळ्यात म्हणून सकाळपासून कुरकुरत होती. ती एवढी दचकली की ताट उलटून काकड्या सगळ्या फरशीभर झाल्या.

नोकरी करणाऱ्या बायकांचं होस्टेल होतं ते. वरच्या मजल्यावर चार मुली टायफॉइडने पडल्या होत्या, दोघी तर दवाखान्यात. टायफॉइडचे जंतू तोंडावाटेच पोटात जातात, पाण्यातून नाहीतर अन्नातून. पाणी तपासलं, ते चांगलं निघालं. मग राहिलं काय? अन्न, आणि अन्नाला लागणारे हात.

पेटीवाल्याने सगळ्यांना एकेक झाकणाची डबी दिली. शी तपासायला हवी होती. भांडीवाली लाजली, मॅनेजरीण चिडली, आत्याने गुपचूप डबी घेतली. नमुने सगळ्यांचे घेतले, पण मास्कवाला जाताना तिच्यापाशीच थांबला. "ताई, तुम्ही आजपासून स्वयंपाकघरात यायचं नाही. आत्तापासूनच."

"रिपोर्ट यायच्या आधीच?" भांडीवालीने विचारलं. तिचं तोंड कुणाला धरता आलंय?

मास्कवाल्याने नुसता दाराकडे हात केला. आत्याने गॅस बंद केला, ॲप्रन सोडून खिळ्याला अडकवला, नखांच्या ब्रशने कोपरापर्यंत हात घासले आणि निघाली. पायऱ्यांवर दोन मुली भेटल्या. एरवी गळ्यात पडणाऱ्या. "काकू, आज काय केलंय?" असं विचारणाऱ्या. दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि तिला वाट दिली. राणीला देतात तशी, असं आत्या नंतर हसून सांगायची. पण ते हसू डोळ्यांपर्यंत काही पोचायचं नाही.

रिपोर्ट आला. जंतू तिच्यातच होते.

आत्याला कळेना. ती ठणठणीत होती. ताप नाही, पोटदुखी नाही, दोन गड्यांचं काम एकटी ओढणारी बाई. म्हणून ती लॅबमध्ये गेली. तिथली लॅबवाली तरुण होती, बोलायला फटकळ, पण आत्याशी जुनी ओळख असल्यासारखी बोलायची.

"मावशी, कधीकाळी टायफॉइड झाला होता ना? तुम्ही बऱ्या झालात, ते गेले नाहीत. तुमच्या पित्ताशयात खडे आहेत, सोनोग्राफीत दिसले ना, त्या खड्यांवर घर करून बसलेत. तुम्हाला त्रास देत नाहीत. थोडे थोडे बाहेर पडतात, दुसऱ्यांना देतात."

"म्हणजे भाडेकरू," आत्या म्हणाली. "भाडं देत नाहीत, वर शेजाऱ्यांना छळतात."

लॅबवाली खो खो हसली. मग तिने एक काचेची बशी दाखवली. तळाला जेलीसारखा थर, त्यावर बारीक ठिपके, मध्ये काळे. एकेक ठिपका म्हणजे लाखो जंतू. त्यातलाच कणभर पाण्याच्या थेंबात घालून तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत्याने डोळा लावला. आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग दिसलं: आखूड काड्या, पोहणाऱ्या, घाईत असलेल्या, जणू सगळ्यांना कुठेतरी पोचायचंय.

"ह्या माझ्या?"

"तुमच्याच."

आत्या बराच वेळ डोळा लावून होती. घरात तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं त्या दिवसांत, आणि इथे तिच्या आतली एवढी गर्दी.

लॅबवालीला बोलायला माणूस लागायचं आणि आत्याकडे वेळच वेळ होता. एक कापडाचा व्यापारी होता म्हणे, तीनेकशे वर्षांपूर्वी. भिंगं घासायचा नाद. एकदा स्वतःच्या दातांतला मळ काढून भिंगाखाली धरला, तर आत वळवळ. तोवर कुणाला पत्ताच नव्हता की एवढीशी जिवंत वस्तू असते. पत्ता लागल्यावरही पुष्कळ वर्षं लोक म्हणायचे की हे आपोआप तयार होतात, सडक्या रशातून. मग एकाने रस्सा उकळला, बाटलीची मान वाकडी केली. हवा आत जायची, धूळ मानेतच अडकायची. रस्सा नासला नाही. मान मोडली, धूळ आत गेली, की नासला.

"हे मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं," आत्या म्हणाली. "झाकण ठेवा म्हणून."

आणि एक डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्यात बाळंतिणी पटापट मरायच्या. प्रेतं फाडून डॉक्टर लोक तसेच बाळंतपणाला यायचे. हा म्हणाला, क्लोरीनच्या पाण्यात हात धुवा. धुतले, तर मरणं कमी झाली. पण बाकीच्यांना राग आला: आमच्या हातांनी माणसं मरतात म्हणतो? नोकरी गेली त्याची, आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात मेला.

आत्याने यावर मात्र विनोद केला नाही. "आपल्या हातांनी मेलं, हे कुणाला ऐकवेल गं?" एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

लॅबवालीने तिला नियम स्पष्ट सांगितले होते. संडासातून आल्यावर साबणाने नीट हात धुवायचे, बोटांच्या फटी, नखं, सगळं. संडासात ब्लीचचं पाणी टाकायचं आणि लगेच ओतून मोकळं व्हायचं नाही, थोडा वेळ राहू द्यायचं, कारण मारायलाही वेळ लागतो. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते सुस्त पडतात. मरतात ते उकळी आली की. दुसऱ्यासाठी स्वयंपाक करायचा नाही. बाकी एकत्र बसून जेवा, बोला, एका खोलीत झोपा, काही होत नाही.

हे शेवटचं वाक्य आत्याने घरी येऊन दोनदा सांगितलं. आमच्या आईने ऐकलं आणि तिच्या ताटाच्या, पेल्याच्या, वाटीच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला.

"रंग तरी चांगला निवडलास, वहिनी," आत्या म्हणाली.

"लहान पोर आहे हो घरात," आई म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतेय?"

बाबा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, पेपरात तोंड घालून बसले. मूग गिळून बसणं त्यांना चांगलं जमतं. आईचं चुकलं. धाकटा तेव्हा रांगत होता हे खरं, तरी चुकलं. ज्या बाईने नवरा गेल्यापासून या घराला जेवू घातलं, आईच्या बाळंतपणात रात्रीचा दिवस केला, ती मागच्या खोलीत दार लोटून जेवायची. आत चमचा ताटावर वाजायचा, बाहेर आम्ही सगळे ऐकायचो. ती जेवताना बोलणारी बाई होती. आता चमचाच काय तो बोलायचा.

आत्याला एकच हवं होतं. पुन्हा स्वयंपाकघरात उभं राहायचं, आणि स्वतः केलेलं चार माणसांबरोबर बसून खायचं. त्यासाठी जंतू गेले पाहिजेत. लॅबवालीने सांगितलं होतं, औषधं घ्या, मग दर महिन्याला नमुना. लागोपाठ स्वच्छ आले की कागद मिळेल.

औषधांच्या गोळ्या घशातून उतरायच्या नाहीत एवढाल्या. तोंड कडू व्हायचं, जेवण जायचं नाही. नमुना स्वच्छ आला, पुढचा स्वच्छ आला, आणि मग पुन्हा काळे ठिपके. ती त्या दिवशी घरी आली आणि खोलीतल्या खिडकीच्या काचा पुसत बसली. काचा स्वच्छच होत्या.

घरात तोवर एक नवीनच खूळ निघालं होतं: आत्याचं नाव कुणी सांगितलं? ती माणसं आल्या आल्या थेट तिच्यावरच कशी आली? चुगली भांडीवालीचीच, असं आईने ठरवलं, आणि आम्ही पोरांनी माना डोलावल्या. भांडीवाली एकदा फळं घेऊन भेटायला आली, तर तिला दारातच सुनावलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी, असं तोंडावर म्हटलं. तीही काही कमी नव्हती. "तुमच्या घराचे वासे मोजायला आधी आत तर घ्या!" असं म्हणून फळं पायरीवर ठेवून गेली, ती परत आलीच नाही.

"तिने नाही सांगितलं," आत्या आतून म्हणाली. "उगाच चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका."

"मग कुणी सांगितलं?"

"सोडा तो विषय."

कुणी सोडला नाही. तेवढी एकच मैत्रीण होती तिला. तीही गेली.

शेवटी आत्याने पोट कापून घेतलं. डॉक्टरने पित्ताशय काढलं, खड्यांसकट. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "गेले का भाडेकरू?" नर्सला वाटलं, बाई भ्रमात आहे.

पण गेले होते. नमुना स्वच्छ, पुढचा स्वच्छ, त्याच्या पुढचाही. शिक्क्याचा कागद मिळाला. आत्या धुतलेला ॲप्रन पिशवीत घालून होस्टेलला गेली. मॅनेजरिणीने कागद वाचला, घडी घातली, परत दिला.

"कागद ठीक आहे हो काकू. पण मुली ताट हातात घेणार नाहीत."

"त्या मुली तर बदलल्या ना? नवीन आल्या असतील."

"गोष्ट काही बदलत नाही ना. येणारीला पहिल्याच दिवशी सांगतात."

दुसरीकडे विचारलं, तिसरीकडे विचारलं. टायफॉइड हा शब्द आला की लोक खुर्ची मागे घ्यायचे. काही जण तर आधी हात पुसायचे. जंतू उकळले की मरतात, बोलणं उकळलं तरी मरत नाही.

आई म्हणाली, "आता ठिपके पुसते मी, बसा आमच्यात." पण आत्याचं मन उडालं होतं. तिने एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलं, चादरी आणि उशांचे अभ्रे. जवळच एक खोली घेतली: एक पलंग, एक शेगडी, खिडकीतून समोरच्या इमारतीची बिनखिडक्यांची भिंत. स्वयंपाकाला बसली की हात मेसच्या मापाने चालायचे. मूठ भरायची, अर्धी परत टाकायची. तरी उरायचंच.

मी तिच्याकडे जायचे. तिला आमच्यात बसा म्हणणारी आई मला मात्र तिकडे जाऊ नको म्हणायची, तरी जायचे. ती पुढ्यात केळी ठेवायची, उकडलेली अंडी ठेवायची. "तू सोल," म्हणायची. स्वतः कधी सोलून दिलं नाही. एकदा मी तिच्या ताटात सरळ हात घातला आणि घास उचलला, तर तिने माझं मनगट धरलं. इस्त्रीने कडक झालेली बोटं.

"कागद आहे ना तुझ्याकडे?" मी ओरडले.

"आहे."

"मग?"

"मग काय? केळं खा."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी बाबांचा साखरेचा रिपोर्ट आणायला मी त्याच लॅबमध्ये गेले. ती लॅबवाली अजून तिथेच होती, जराशी जाड झालेली. मी सरळच विचारलं, की त्या वेळी चुगली कुणी केली, आता तरी सांगा. भांडीवालीनेच ना?

तिने हातातला रिपोर्ट टेबलावर ठेवला. म्हणाली, आरोग्य खात्याला मीच कळवलं, नियमच आहे तसा, पण ती माणसं मेसमध्ये यायच्या आधीच तुझी आत्या इथे येऊन गेली होती. आपण होऊन. नमुन्याची डबी, डबीवर पिशवी, पिशवीवर पिशवी. समोर ठेवून म्हणाली, "आमच्या पोरी तापाने पडल्यात. आधीच्या कामावरही माणसं पडली होती. हात दोन्हीकडे माझेच होते. बघा जरा." आणि मी तिला म्हटलं, मावशी, निघालं तर नोकरी जाईल, तर ती म्हणाली, "लवकर बघा. तोवर मी कच्चं काही कापत नाही."