उघड्या किनाऱ्यावरची व्याहीभेट

आता काय सांगू, आणि किती वेळा सांगू? पुणतांब्याच्या स्टँडवर चहाला टेकलो की आमचा शेजारी रंगनाथ ठरल्यासारखा विचारतो, "अप्पा, जर्मनीला जाऊन समदे कपडे काढले म्हनं?" मी म्हणतो, धोतर होतं बाबा, धोतर होतं. तोवर हसणारे हसून घेतात आणि माझा चहा गार होतो. थकलो मी. म्हणून तुम्हाला एकदा पहिल्यापासून सांगतो. चूक झाली, ती माझीच झाली. पण गाव समजतं ती नव्हे, दुसरीच झाली.

आमची मनीषा राहुरीला शेतीचं शिकली, पुढं शिकायला जर्मनीला गेली आणि तिथल्या टोमास नावाच्या पोराशी तिनं लग्न केलं. पोरगा गुणी आहे. इथं आला होता तेव्हा आमच्या बागेतले पेरू बियांसकट चावून खाल्ले, कुरकुर नाही. लग्न मात्र तिकडंच झालं, कचेरीत सह्या करून. आमचा व्हिसा वेळेत आला नाही. आम्ही दोघांनी मोबाईलवरच अक्षता टाकल्या. तांदूळ सगळे काचेवर पडले आणि मनी दिसेनाशी झाली.

तेव्हापासून घरात एक गोष्ट सलत होती. व्याहीभेट राहिली. मुलीकडचे आपण, आणि व्याह्याच्या कपाळाला गंध नाही, खांद्यावर टॉवेल नाही, डोक्यावर टोपी नाही, गळाभेट नाही. आमच्या घरचीला, हौसाला, ह्याचा फार घोर. तिचं म्हणणं, ती माणसं तोंडावर बोलणार नाहीत, पण मनात धरतील. बापानं साधी टोपी घातली नाही म्हणतील. आणि नांदायचंय तर पोरीला.

अशात मनीनं उन्हाळ्यात यायचं तिकीट पाठवलं. हौसाचे गुडघे चालत नाहीत, वर गाय व्यायला झालेली. म्हणजे जायचं मी एकट्यानं.

निघायच्या आधी मनीचा फोन आला. म्हणाली, अप्पा, नीट ऐका आणि रागावू नका. तिचे सासू-सासरे दर उन्हाळ्यात समुद्राकाठच्या एका गावी जाऊन राहतात. तिथं वाळूचा एक भाग असा आहे की लोक अंगावर कपडे ठेवत नाहीत. वाईट चालीचं काही नाही, म्हातारीकोतारी, बायापोरं, सगळी तशीच बसतात, पोहतात, पेपर वाचतात. सासरे लहानपणापासून तिथं बसतात. आणि त्यांची इच्छा अशी, की मी त्यांना पहिल्यांदा भेटायचं ते तिथंच.

मी विचारलं, "सक्ती हाय का?"

"नाही हो. ज्याला काढायचे तो काढतो, ज्याला ठेवायचे तो ठेवतो. तुम्ही आपले धोतर-टोपीत या. मी आणि टोमास पण कपड्यातच असू. अवघड वाटत असेल तर नाही म्हणा, मी त्यांना समजावते."

मग तिनं रीत सांगितली. कुणाकडं टक लावून बघायचं नाही. मोबाईल दुसऱ्याकडं वळवायचा नाही, ही तर शपथच. कुणाला खेटून बसायचं नाही. आणि टॉवेल पाहिजेच. टॉवेलाशिवाय तिथं कुणी जात नाही, ज्याला त्याला टॉवेल लागतोच.

आधीचं सगळं ऐकून माझं डोकं जड झालं होतं. पण हे शेवटचं ऐकलं आणि हायसं वाटलं. टॉवेल अंथरून बसायचं असतं, हे तिनं सांगितलंही असेल. मी ऐकलं नाही. मी मनात म्हणत होतो, माणसं आपल्यासारखीच आहेत की, ह्यांच्यातही पाहुण्याला टॉवेल लागतो. माझा पाय घसरला तो इथं.

हौसाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता हात थांबला. म्हणाली, "विहीनबाई बी?"

"मनी म्हनती, समदीच."

"मंग मी येवल्याची साडी कुनासाठी आनली?"

भाकरी तव्यावर टाकून निकालही तिनंच दिला. "घेऊन जावा. नेसायची का घडी ठेवायची ते त्यांचं त्या बघतील. आन व्याह्यानं सोताहून बोलावलंय. तुमी न्हाई म्हनायचं न्हाई."

कोपरगावला टॉवेल-टोप्या घ्यायला गेलो. दुकानदार ओळखीचा. त्यानं विचारलं, कार्य कुणाकडं? म्हटलं, कार्य होऊन गेलं, व्याही राहिलेत. कुठले व्याही? जर्मनीचे. त्यानं हातातली टोपी खाली ठेवली. गोऱ्या माणसाच्या डोक्याचा अंदाज ना त्याला, ना मला. शेवटी सगळ्या नंबरच्या टोप्या घेतल्या. टॉवेलाचंही तेच. व्याह्याचे भाऊबंद किती कुणास ठाऊक, कमी पडले तर शोभा व्हायची, म्हणून गठ्ठाच बांधून घेतला. विमानतळावर मनीनं बॅग उचलली आणि विचारलं, एवढं जड काय आहे? मी म्हटलं, तू सांगितलेले टॉवेल. तर म्हणाली, "शहाणे आहात अप्पा." सांगा आता, लेकीनं शहाणा म्हटल्यावर बाप कशाला शंका घेईल?

तर तो दिवस उजाडला. वाळूच्या तोंडाशी पाटी होती. मनी म्हणाली, हिच्या पुढं तो भाग. मी टोपी सारखी केली, गठ्ठा काखेत मारला, मान खाली घातली आणि खाकरलो.

खाकरलो म्हणजे, आमच्या गोदावरीला घाटावर बायामाणसं आंघोळी करतात. पुरुषाला तिकडून जायचं असलं तर तो लांबूनच खाकरतो. वर्दी दिल्यासारखं. मला वाटलं, लाज सगळीकडं एकच, तर तिची रीतही एकच असेल. म्हणून मी दर चार पावलांवर खाकरत चाललो.

डोळे वाळूवर होते, त्यामुळं मला दिसत होते नुसते पाय. आणि ते पाय लांब सरकत होते. एका आईनं लेकराला उचलून घेतलं. कुणी अंथरलेलं गुंडाळून पलीकडं नेलं. मी म्हटलं, वा, मान देऊन वाट करून देतायत. मग दोन म्हातारे पाय समोर येऊन उभेच राहिले आणि एक हात पुढं आला. हातात खोकल्याची गोळी. आता काय करायचं? वर बघावं तर नियम मोडतो, घेऊ नये तर म्हातारीचा अपमान. गोळी घेतली, पायांनाच नमस्कार केला आणि गोळी तोंडात टाकली. मनी मागून घाबरून म्हणाली, "अप्पा, बरं वाटत नाही का?"

"बरं हाय. वर्दी देतोय."

तिनं कपाळाला हात लावला. तो मला दिसला नाही, टोमासनं नंतर सांगितलं.

तेवढ्यात समोरून दोन मोठे ओले पाय आले आणि वरून आवाज आला, "राम राम." मनीनं शिकवलेलं असणार. हे आमचे व्याही, क्लाउसराव. मी नजर उचलली ती मधला सगळा मुलूख ओलांडून थेट कपाळावर नेली. घरी हौसाच्या कपाळावर ह्याचा सराव करून गेलो होतो. उंच माणूस, पांढऱ्या भुवया, नुकता पाण्यातून आलेला, अंगावर सूत नाही. हात पुढं करून उभा.

मी त्या हातात हात दिला नाही. गठ्ठा सोडला.

मनी म्हणाली, "अप्पा, हे काय काढताय?" पण मी ऐकायला मोकळा नव्हतो. डबीतलं गंध लावलं, त्यासाठी क्लाउसराव बिचारे वाकले. खांद्यावर टॉवेल टाकला. टोपी घातली, ती होडीसारखी वर तरंगत राहिली. काढली, दुसरी घातली, तीही तीच गत. मग मोठी बसली. आता राहिली गळाभेट.

खरं सांगतो, तिथं मी अडलो. आयुष्यात पुष्कळ व्याह्यांना मिठ्या मारल्या, पण सदऱ्यातल्या. एकदा वाटलं, हात जोडावेत आणि सुटावं. मग आठवलं, ह्या माणसानं आपल्याला स्वतःच्या जागेवर बोलावलंय. लेकीचा बाप आता मागं सरला, तर तो मागं सरलेलाच त्यांच्या ध्यानात राहील. डोळे मिटले आणि मारली मिठी. गार, ओली, खारट. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा. रीत म्हणजे रीत.

क्लाउसरावांनी डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी चाचपली. मला वाटलं, चुकलंच काहीतरी. मग ते हळू आवाजात मनीशी बोलले. मनीनं मला ते मराठीत सांगितलं. "म्हणतात, लग्नाला तुम्ही आला नाहीत, तेव्हा ह्यांना वाटलं होतं की हे लग्न तुम्हाला पसंत नाही. इतके दिवस तसंच वाटत होतं. विचारायचा धीर होत नव्हता."

घ्या. आम्ही इकडं टोपीचा घोर करतोय, ते तिकडं त्याच भेटीचा घोर करतायत, आणि मधे आमची पोर दोन्हीकडं हसून दाखवतेय. मी म्हटलं, "त्यांना सांग, व्हिसा न्हाई आला. मन कवाच आलंय."

इथंच थांबलो असतो तर आज चहा गरम प्यालो असतो.

पण बघता बघता माणसं जमली होती. मी मनीला विचारलं, हे भाऊबंद का? ती म्हणाली, नाही हो, दरवर्षीचे शेजारी. आता शेजारी म्हणजे मानाचेच. एकाला आहेर करून बाकीच्यांना बघत उभं ठेवायचं, हे आमच्याकडं कुणी करत नाही. मी पुढच्याला गंध लावलं, टॉवेल दिला, टोपी घातली, मिठी मारली. मग त्याच्या मागच्याला. मग काय, रांगच लागली. मनी म्हणत होती, "अप्पा, पुरे." टोमास माणसांना टोपीचा नंबर विचारत होता. विहीणबाईंना मी मान फिरवूनच साडी दिली. मनीनं त्यांना ती नेसवली आणि त्या साडी दाखवत वाळूवरून चालत गेल्या, तशा आणखी बाया आल्या. त्यांना मी लांबूनच टॉवेल पोचते केले, मिठीचं सोडा.

थोड्या वेळानं त्या किनाऱ्याचा रखवालदार आला. ह्या भागात इतके टोपीवाले बघून त्यानं मनीला विचारलं, हा मोर्चा कसला आहे? तिनं काय सांगितलं देवाला माहीत. जाताना त्याच्याही डोक्यावर टोपी होती.

गठ्ठा संपला तेव्हा रांगेत शेवटी माझ्याच वयाचे एक गृहस्थ काठी टेकून उभे होते. त्यांना मोकळं कसं पाठवायचं? माझी टोपी काढून त्यांना घातली, खांद्यावरचं उपरणं दिलं. मिठ्यांनी सदरा निथळत होता आणि समुद्राचा वारा सुटला होता. मी कुडकुडतोय हे विहीणबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी मनीला सांगून सदरा काढायला लावला आणि वेताच्या खुर्चीवर वाळत घातला. मी दमून एका बाजूला बसलो, उघड्या अंगानं, खाली धोतर. धोतर होतं, हे पुन्हा सांगतो.

आणि मोबाईल वाजला. हौसाचा, तोंड दिसणारा फोन. लेकीची व्याहीभेट बघायला तिनं सगळी आळी ओट्यावर बोलावली होती. पुढं रंगनाथ, मागं बाया.

मला मनीची शपथ आठवली. मोबाईल दुसऱ्याकडं वळवायचा नाही. मी तो दोन्ही हातांनी घट्ट, तोंडाजवळ धरला, इकडं नाही का तिकडं नाही. पलीकडं सगळी आळी मोबाईलवर वाकली. त्यांना दिसत होतं माझं उघडं डोकं, उघडे खांदे आणि मागं नुसतं आभाळ.

हौसा जपून म्हणाली, "आहेर झाला का?"

"झाला."

"व्याह्यांनी काय घातलंय?"

"आपली टोपी."

"आन?"

"टॉवेल व्हता. अंथरून बसलेत त्याच्यावर."

रंगनाथनं मान पुढं घातली. "अप्पा, तुमी काय घातलंय? मोबाईल जरा खाली घ्या की."

आता तुम्हीच सांगा. माझ्या पायाशीच व्याही टेकले होते. मोबाईल बोटभर खाली गेला असता तर ते टोपीसकट आळीला दिसले असते. मी आपलं खरं ते सांगितलं.

"न्हाई घेता येत. हितं नियम हाय."

पलीकडं कुणीतरी ओट्यावरून उठल्याचा आवाज आला. हौसानं फोन कानाला लावला, तसा तिचा नुसता कान दिसायला लागला, आणि ती कुजबुजली, "मनीचं बरं हाय ना पन?"

"लई बरं हाय."

"मंग जाऊ द्या," म्हणाली. ते जाऊ द्या कशाबद्दल होतं, हे मला गावात उतरल्यावर कळलं.

मनीकडं पुरावा मागितला होता मी. एक तरी फोटो दे म्हटलं, धोतर दिसंल असा. तर म्हणाली, तिथं फोटो कुणीच काढत नाही, अप्पा, तुम्ही पण नाही ना काढला? म्हणजे त्या सगळ्या वाळूवर धोतर नेसून बसलेला माणूस मी एकटाच, ते बघितलेली माणसं सगळी जर्मनीत, आणि इकडं अख्ख्या गावात जर्मनीला उघडा बसून आलेला माणूसही मी एकटाच.

क्लाउसराव अजून टोपी घालूनच किनाऱ्यावर जातात, असं मनी सांगते. बरं वाटतं ऐकून. आणि इकडं मी स्टँडवर चहाला गेलो की रंगनाथ उठतो, खांद्यावरचा टॉवेल झटकतो, बाकड्यावर नीट अंथरतो आणि म्हणतो, "बसा अप्पा. नियम हाय."

मी बसतो. करतो काय?